शाळेच्या भिंतीवर कंपनीचं नाव आणि ओढ्यात कंपनीचं पाणी: सीएसआरचा हिशेब कसा मांडायचा?

पंचगंगाकाठ

थेट मुद्दा मांडतो. ज्या कंपनीवर प्रदूषण नियंत्रण मंडळाची बंदची नोटीस आहे किंवा पर्यावरण भरपाईची आकारणी झाली आहे, तिला त्या वर्षी सीएसआरच्या (कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणून करायच्या) कामावर स्वतःचं नाव लावता येऊ नये. पैसे द्यायचेच. पण फलक लावायचा नाही, उद्घाटन करायचं नाही, वार्षिक अहवालात शाळेतल्या पोरांचे फोटो छापायचे नाहीत.

कायदा माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी पायरी ओलांडली तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी लागते. कशावर करायची ते सातव्या परिशिष्टात आहे: भूक, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, वारसा, खेळ, ग्रामविकास वगैरे. २०२२-२३ मध्ये देशभरात या खात्यावर जवळपास ३० हजार कोटी खर्च झाले. त्यातले १० हजार कोटींच्या आसपास शिक्षणावर, तर पर्यावरणाच्या नावावर साधारण २ हजार कोटी.

शिक्षणाला जास्त मिळतात याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की सामाजिक काम आणि पर्यावरणाचं नुकसान यांची एकमेकांत वजावट होते. कागदावर नाही, लोकांच्या मनात. माझं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या खालच्या अंगाला. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडतो, पाणी काळं पडतं, जलपर्णी काठाला दाटते. वरच्या बाजूला कोल्हापूर शहराचं सांडपाणी आहे, इचलकरंजीचे कापड प्रक्रिया उद्योग आहेत, साखर कारखाने आणि त्यांच्या आसवन्या (मळीपासून अल्कोहोल काढणारे कारखाने) आहेत. आमच्या ग्रामसभेत कुणी पाण्याचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "अहो, त्यांनी आपल्याला शाळेची खोली दिली, ॲम्ब्युलन्स दिली." तिथे विषय संपतो. ज्याने ॲम्ब्युलन्स दिली त्याला पाण्याबद्दल विचारणारा माणूस गावात कृतघ्न ठरतो.

दुसरं, दंड बघा. जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या उल्लंघनाची कैद काढून टाकली. आता १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे. ज्या कंपनीचा वर्षाचा सीएसआरच चार-पाच कोटींचा, तिला १५ लाखांचं काय वाटणार? नाव जाण्याचं मात्र वाटतं. म्हणून नावाला हात घालतोय.

विरोधी मतं जरूर यावीत.

ताळेबंद

पूर्णपणे असहमत. कंपन्यांचं ऑडिट करतो, त्यामुळे हा विषय रोजचा आहे.

पहिली गोष्ट, कायद्याने वजावटीचं दार बंदच केलेलं आहे. नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. २२ जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर इतर कुठल्याही कायद्याने बंधनकारक असलेलं कामही धरता येत नाही. कारखान्याने स्वतःचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधलं तर त्यातला एक रुपया सीएसआरमध्ये येत नाही. दोन खाती आधीच वेगळी आहेत, तुम्ही ती जोडायला निघाला आहात.

दुसरं, जोडल्यावर काय होईल? आज बऱ्याच कंपन्या नोटीस आली की दुरुस्ती करतात, बँक गॅरंटी भरतात, विषय मिटवतात. त्या नोटिशीला सीएसआरची नामुष्की चिकटली तर प्रत्येक नोटीस कोर्टात जाईल. मंडळाचे अधिकारी तारखा करत बसतील आणि नदी तिथेच राहील. शिवाय नोटीस म्हणजे आरोप, दोष सिद्ध झालेला नसतो.

तिसरं, तुमचंच उदाहरण घ्या. शहराचं सांडपाणी महापालिकेचं. इचलकरंजीतले बहुतेक प्रक्रिया उद्योग कलम १३५ च्या मर्यादेत येण्याइतके मोठे नाहीत. आणि सहकारी साखर कारखाना हा कंपनीच नाही, त्याची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली. त्याला २ टक्क्यांचा नियम लागूच होत नाही. म्हणजे तुमचा उपाय ज्या नदीसाठी सुचवलाय, तिथे तो जवळजवळ कुणालाच लागू पडत नाही.

पंचगंगाकाठ

ताळेबंद, सहकारी कारखान्यांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मला हवाच होता.

साखरपट्ट्याने सामाजिक काम २ टक्क्यांच्या कायद्याची वाट न बघता केलं. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला. पुढे प्रवरानगर काय, वारणानगर काय, कारखान्याभोवती शाळा, इंजिनिअरिंग कॉलेजं, दवाखाने उभे राहिले. मी स्वतः अशाच एका कारखान्याच्या कॉलेजात शिकलो. ते कॉलेज नसतं तर वडिलांनी मला पुण्याला पाठवलं नसतं, तेवढी ऐपतच नव्हती. त्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो राहील.

पण मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे आसवनीचं सांडपाणी, तयार होतो. त्याचा सीओडी, म्हणजे त्यातली घाण किती प्राणवायू खाईल त्याचं माप, लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात जातो. तो ओढ्यात गेला की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासा तडफडून वर येतो. यावर उपाय माहीत आहेत. स्पेंट वॉश आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो, प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळात) मिसळून खत करता येतं. काही कारखाने हे नीट करतात आणि शाळाही चालवतात. म्हणजे "दोन्ही जमत नाही, एक निवडा" हे खरं नाही.

खाजगी कारखाने आणि स्वतंत्र आसवन्या तर कंपनी कायद्याखालीच आहेत, त्यांना नियम लागेल. सहकारी कारखान्यांना तोच नियम सहकार खात्यामार्फत लावता येईल. कायद्याची चौकट वेगळी असली तरी खालच्या गावाला येणारं पाणी एकच आहे.

सातपुडा_शाळा

दादा, तुमचं दुखणं खरं आहे. पण तुमच्या सूचनेचा फटका कुणाला बसेल ते सांगते.

आमची संस्था नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर काम करते. शाळा सुटलेल्या मुलींना परत वर्गात आणणं, गरोदर बायकांची नोंद, रात्री दवाखान्यात पोचवायला गाडी. निम्म्याहून जास्त पैसा सीएसआरचा. यातली एक कंपनी अशी आहे जिच्या कारखान्याबद्दल मीही वर्तमानपत्रात वाईट वाचलेलं आहे. तरी तिचे पैसे घेतले, आणि परत घेईन.

तुम्ही म्हणता पैसे द्यायचेच, फक्त नाव नाही. नाव मिळणार नसेल तर कंपनी आमच्यापर्यंत येईलच कशाला? सातव्या परिशिष्टात पंतप्रधान सहायता निधी आहे. एक चेक फाडला की जबाबदारी संपली. ना प्रकल्प, ना भेटी, ना परिणामांचं मूल्यमापन. नाव काढून घ्याल तर पैसा गावातून दिल्लीला जाईल. फलकाचा मोह आहे म्हणून तर कंपनीचा माणूस डोंगर चढून आमच्या पाड्यावर येतो. त्या मोहाचा आम्ही उपयोग करून घेतो.

अजून एक. दर वेळी "कारखान्याच्या परिसरातच खर्च करा" असा आग्रह धरला जातो. आमच्याकडे मोठे कारखाने नाहीत म्हणून प्रदूषण नाही आणि त्याच कारणाने "परिसर" म्हणून आम्ही कुणाच्याच यादीत नाही. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव हे राज्यातले आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेले जिल्हे. महाराष्ट्राला सीएसआरचा वाटा देशात सर्वात मोठा मिळतो, पण तो मुंबई-पुण्याभोवतीच जास्त फिरतो. परिसराची अट घट्ट केलीत तर आमची गाडी बंद पडेल, हे लक्षात ठेवून बोला.

इरईकाठ

ताई, तुमच्या पाड्यावरची गाडी चालूच राहावी. पण चंद्रपुरातून बघाल तर मूळ धाग्यातला राग कळेल.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. ७० च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. चंद्रपूरला ८३.८८, देशात चौथा नंबर. आपल्या राज्यातले तारापूर, डोंबिवली, नवी मुंबई, औरंगाबादही त्या यादीत होते. जानेवारी २०१० मध्ये नव्या प्रकल्पांवर स्थगिती आली, ती पुढे उठली. कोळसा खाणी, सिमेंट, कागद कारखाना आणि २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, सगळं एका शहराच्या अंगाखांद्यावर.

औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदत होती २०१७ ची. मग ती वाढत गेली, वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतांश केंद्रांना हा वायू धुरातून काढणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली. अतिप्रदूषित भागातल्या केंद्रांचा निर्णय एकेक करून घ्यायचा असं ठरलं. ही यंत्रणा हजारो कोटींची आहे. त्यापुढे सीएसआरची रक्कम किती? म्हणून मला वाटतं की "सामाजिक किती, पर्यावरण किती" असं २ टक्क्यांच्या आत वाटप करत बसणं ही दिशाभूल आहे. खरा खर्च उरलेल्या ९८ टक्क्यांतला आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

आमच्या वस्तीत एका कंपनीने आरोग्य शिबिर घेतलं. बीपी, शुगर, डोळे तपासले, चष्मे वाटले. माझ्या आईला दम लागतो. फुप्फुसाची तपासणी आहे का म्हणून विचारलं तर नव्हती. धुळीच्या गावात आरोग्य शिबिर घ्यायचं आणि श्वास सोडून सगळं तपासायचं, याला मी समाजकार्य मानत नाही. फुप्फुसाच्या तपासणीतून नोंद तयार होते आणि नोंद झाली की कुणीतरी विचारणार, इतक्यांचं फुप्फुस कशाने खराब झालं.

प्लांटवाला

मी रसायन कारखान्यात पर्यावरण विभागात आहे, कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत. आतली बाजू सांगतो, दोन्ही गटांना आवडणार नाही.

कंपनीत सीएसआर आणि ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) ही दोन वेगळी माणसं बघतात. सीएसआर एचआरकडे किंवा थेट वरच्या ऑफिसकडे. ईटीपी प्लांटकडे. सीएसआरचा आकडा कायद्याने ठरलेला, त्याला कात्री लावता येत नाही. वर्षाअखेर पैसे उरले तर चालू प्रकल्पाचे ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावे लागतात, नाहीतर सहा महिन्यांत सरकारी निधीत जमा करावे लागतात. ईटीपीचा खर्च मात्र उत्पादन खर्चात धरतात. प्लांटप्रमुखाला दर महिन्याला किलोमागे खर्च कमी करून दाखवायचा असतो. सांडपाणी आटवणाऱ्या यंत्राला, एमईईला, वाफ लागते, वाफेला इंधन लागतं. मंदी आली की पहिली नजर तिथे जाते. सीएसआरच्या शाळेचं रंगकाम ठरल्याप्रमाणे होतं आणि त्याच महिन्यात ईटीपीवर रात्रपाळीला ठेकेदाराचा एकच पोरगा असतो, सगळ्यात कमी पगाराचा. कुणी दुष्टपणाने ठरवलेलं नसतं. एका खर्चाला कायद्याचं संरक्षण आहे, दुसऱ्याला नाही, एवढंच.

त्यामुळे इरईकाठ यांच्याशी सहमत, प्रश्न ९८ टक्क्यांचा आहे. पण फलकबंदीला माझा विरोध आहे, आणि कारण वेगळं आहे. आज एखादं युनिट ट्रिप झालं, पाण्याचे आकडे वर गेले, तर आम्ही स्वतःहून मंडळाला कळवतो. मीटर ऑनलाइन आहेत, तरी कळवतो, कारण कळवलं की दुरुस्तीला वेळ मिळतो. उद्या त्या कळवण्याचा परिणाम "अध्यक्षांचं नाव शाळेवरून उतरलं" असा होणार असेल तर वरून काय आदेश येईल? कळवू नका. त्याहून वाईट म्हणजे मीटरशी खेळा. प्रामाणिकपणाला शिक्षा होईल अशी रचना करू नका, तिचा पहिला बळी माझ्यासारखा माणूस असेल.

आणि लहान युनिटांचं काय? निव्वळ नफा ५ कोटींच्या आत, त्यामुळे सीएसआर नाही. स्वतःची पुरेशी यंत्रणा नाही, सगळं सीईटीपीकडे, वसाहतीच्या सामाईक शुद्धीकरण केंद्राकडे, ढकलायचं. खाडीवरचे भोई मासेमार आम्हाला मोठं-लहान असं वेगळं करून शिव्या देत नाहीत. द्यायचं कारणही नाही, त्यांची जाळी रिकामी आहेत.

पंचगंगाकाठ

प्लांटवाला, रात्रपाळीच्या पोराबद्दल लिहिलंत ते डोक्यातून जात नाही. त्यावर एक विचारतो. कंपनी कायद्याच्याच कलम १६६ मध्ये संचालकांचं कर्तव्य लिहिलंय की त्यांनी भागधारकांसोबत कामगार, समाज आणि पर्यावरणाचं रक्षण बघायचं. हे कलम २ टक्क्यांपुरतं नाही, संपूर्ण कारभाराला आहे. मग सीएसआर समिती संचालक मंडळात बसते तशी ईटीपीच्या खर्चाची नोंद दर तिमाहीला संचालकांसमोर का येऊ नये? मंजूर किती, झाला किती, कापला किती.

सातपुडाताई, पैसा दिल्लीला जाईल ही भीती योग्य आहे. पण तसं करायला कंपनी आजही मोकळी आहे. परिसराला प्राधान्य ही अटही बंधनकारक नाही, २०२१ च्या ऑगस्टमध्ये मंत्रालयाने परिपत्रक काढून तसं स्पष्ट केलंय. माझं म्हणणं इतकंच की तुमच्या पाड्यावरच्या चांगल्या कामाचा फोटो आमच्या काळ्या ओढ्यावर झाकण म्हणून वापरला जाऊ नये. त्यात तुमचाही वापर होतो.

सातपुडा_शाळा

वापर होतो हे मला कळतं, दादा. पाड्यावरच्या बाईला प्रसूतीच्या रात्री गाडी मिळाली, तिला हा वापर समजावून मी काय करू? तुमचं पाणी स्वच्छ व्हावं म्हणून तिने गाडी सोडावी, हे मी तिला सांगू शकणार नाही. आणि तुम्ही पण सांगू शकणार नाही, तिच्यासमोर उभे राहिलात तर.

डिचोलीकर

गोव्यातून लिहितोय. इथे हे सगळं कायदा यायच्या आधी घडून गेलेलं आहे.

डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणी. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी उपसून बाहेर टाकायचे, आजूबाजूच्या विहिरी आटायच्या. पावसात डंपवरची माती शेतांत उतरायची, शेतं गाळाने भरायची. मग खाणमालक गावाला टँकर द्यायचा, शाळेला बस द्यायचा, देवळाच्या जत्रेला देणगी, फुटबॉलच्या संघाला मदत. लोक म्हणायचे मालक चांगला आहे, पाणी देतो. विहिरीचं पाणी आधी आपलंच होतं हे बोलायचं धाडस फार थोड्यांनी केलं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. एप्रिल २०१४ च्या निकालात विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्याला खाणी पुन्हा बंद झाल्या. आमच्या गावातला टँकर आणि बस तेव्हा एका आठवड्यात गायब झाली. विहीर काही एका आठवड्यात भरली नाही. आणि त्यानंतर काय झालं, तर त्याच गावातले लोक खाणी सुरू करा म्हणून मोर्च्यात गेले. मीही त्यांना दोष देत नाही, ट्रक कर्जावर घेतलेले होते.

माझं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. फलक ठेवायचा की काढायचा हा वाद दुय्यम आहे. ज्याचं नुकसान झालं त्याला मिळणारा पैसा मुळात दान म्हणून येताच कामा नये. खाणींसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, रॉयल्टीच्या प्रमाणात रक्कम त्यात भरावीच लागते, मालकाची मर्जी चालत नाही. रसायन, साखर, औष्णिक वीज, सगळ्यांना असा निधी लावा. तो हक्काचा पैसा असेल. सीएसआर मग खुशाल नंदुरबारला जाऊ दे, फलकासकट.

ताळेबंद

डिचोलीकर, कल्पना चांगली आहे, पण खनिज प्रतिष्ठानाचा अनुभवही बघा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतला निधी शेवटी रस्ते, इमारती आणि सभागृहांकडे वळतो. पिण्याचं पाणी, आरोग्य, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांना किमान ६० टक्के ठेवा असं केंद्राला लिहून द्यावं लागलं, नंतर ते ७० करावं लागलं. हक्काचा पैसाही गावाला आपोआप मिळत नाही.

आणि एक इतिहास. पर्यावरण मंत्रालयाने १ मे २०१८ ला प्रयोग केला होता. नव्या प्रकल्पाच्या भांडवली गुंतवणुकीच्या ठराविक टक्के रक्कम परिसरासाठी खर्च करायची, लहान प्रकल्पाला जास्त टक्के, मोठ्याला कमी. ३० सप्टेंबर २०२० ला ते टक्के काढून टाकले. आता जनसुनावणीत जे मुद्दे येतील त्यांची कामं रकमेसकट पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात घालायची. मला हीच पद्धत जास्त बरोबर वाटते, कारण त्यात टक्का नाही, आधी काम ठरतं.

इरईकाठ

जनसुनावणीत काय होतं ते मी बघितलंय, ताळेबंद. ३० दिवस आधी जाहिरात, मंडप, अधिकारी मंचावर. प्रकल्पाचा जाडजूड अहवाल कुणी वाचलेला नसतो. माणसं उठून नोकरी मागतात, रस्ता मागतात, समाजमंदिर मागतात. त्यांचं चूक नाही, गावात तेच नसतं. पण इतिवृत्तात मग तेच येतं आणि आराखड्यात समाजमंदिर बसतं. राखेच्या तळ्याचा तळ झिरपतो का, हे विचारणारा एखादाच, आणि त्याला "विकासविरोधी" म्हणून खाली बसवतात. सामाजिक मागणी पर्यावरणाला गिळते ती अशी, आणि तीही लोकांच्याच तोंडून.

माळरान

सोलापूरकडचा आहे. सगळे सांडपाणी आणि धुराबद्दल बोलतायत, म्हणून एक वेगळी गोष्ट.

पर्यावरणावरचा सीएसआर म्हणजे बहुतेक ठिकाणी झाडं लावणं. किती खड्डे, किती रोपं, मोजायला सोपं. आमच्याकडे नान्नजला माळढोकचं अभयारण्य. माळढोकला उघडं गवताळ माळरान लागतं, लांडग्याला आणि काळविटालाही. अशा माळावर गिरीपुष्प वगैरे झाडं लावली की दिसायला हिरवं होतं आणि पक्ष्याचं घर मोडतं. मेंढपाळाचं चराऊ रान जातं ते वेगळंच. पैसा खर्च झाला, अहवाल छापला गेला, आणि समाज आणि निसर्ग दोघांचंही नुकसान झालं.

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकच्याच खटल्यात सांगितलं की कंपनीच्या सामाजिक जबाबदारीतून पर्यावरण वगळता येत नाही. खटला राजस्थान-गुजरातमधल्या वीजवाहिन्यांचा होता. सौर आणि पवन ऊर्जेच्या वाहिन्या, म्हणजे हवामानासाठी चांगलं काम करणाऱ्याच कंपन्या. पक्षी तारांना धडकून मरतात. तेव्हा "आम्ही हरित व्यवसायात आहोत" हेही उत्तर पुरेसं नाही. ताळेबंद म्हणतात दोन खाती वेगळी ठेवा. न्यायालयाने तरी ती तितकी वेगळी ठेवलेली नाहीत.

ताळेबंद

माळरान, तो निकाल मीही वाचला. त्याचा अर्थ मी असा घेतो की सीएसआरचा पैसा नुकसान झालेल्या अधिवासासाठी वापरायला मोकळीक आहे आणि जबाबदारीही आहे. त्यातून फलकबंदी निघत नाही. पण झाडांच्या मोजणीबद्दल पूर्ण सहमत. ज्या कंपनीची सीएसआरची जबाबदारी सरासरी १० कोटींच्या वर आहे, तिला १ कोटीच्या वरच्या प्रकल्पांचं त्रयस्थाकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. ते अहवाल वाचा. रोपं किती लावली ते सापडतं, तिथे आधी काय होतं ते सापडत नाही.

पंचगंगाकाठ

फलकबंदीवर मी ठाम आहे, फक्त ती नोटिशीवर नको, अंतिम आदेशावर असावी. ताळेबंद आणि प्लांटवाला यांचे दोन्ही आक्षेप त्यात बसतात. स्वतःहून कळवणाऱ्याला सूटही असावी. आणि सातपुडाताई, परिसराची अट मी मागत नाहीये. पैसा तुमच्याकडे यावा.

पण कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर हातातलं करू. प्रत्येक संमतीपत्रधारक उद्योगाला दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे पर्यावरण विवरण द्यावं लागतं, फॉर्म पाच म्हणतात त्याला. पाणी किती वापरलं, सांडपाणी किती, त्यात काय, घातक कचरा किती, निकषापेक्षा किती जास्त. सहकारी असो की खाजगी, सीएसआर लागू असो की नसो, हा फॉर्म लागू आहे. आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच. त्या ग्रामसभेत कंपनीचा सीएसआरचा अहवाल वाचायचा असेल तर त्याच्या शेजारी फॉर्म पाच ठेवून वाचायचा, असा ठराव आमच्या गावात मांडणार आहे. शाळेच्या खोलीबद्दल आभार मानू, टाळ्याही वाजवू, आणि लगेच पुढच्या ओळीत बीओडी, म्हणजे सांडपाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते तो आकडा, विचारू. ज्यांना पर्यावरण मंजुरी लागते त्यांचे सहामाही अनुपालन अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात, तेही मागवू. मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज.

प्लांटवाला

ठराव करा, मी विरोध करणार नाही. फक्त त्यात एक ओळ घाला. ग्रामसभेला सीएसआरचा अधिकारी बोलावू नका. तो भला माणूस असतो, हात जोडून ऐकून घेतो, आणि ईटीपीबद्दल त्याला काही माहीत नसतं. कारखान्याचा फॅक्टरी मॅनेजर बोलवा, नावाने पत्र द्या, आणि सोबत ईटीपीचं लॉगबुक आणायला सांगा, मागच्या मार्च ते मे या तीन महिन्यांचं. तुमचा मासा त्याच महिन्यांत मरतो ना?